दोन अंगठ्यांची डबी

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मी ऐकलं असतं तर मलाही वाटलं नसतं. पण चाळीस वर्षं ज्याच्या कुलपांपुढे भलेभले चोर डोकं धरून बसले, त्याची डबी एका लंगड्या कुत्र्याने उघडली!"

असं मी म्हणालो आणि बाकावरची दोन्ही माणसं माझ्याकडे वळली. एक होत्या मांजरवाल्या बाई, मांडीवर झाकणाची टोपली घेतलेल्या. दुसरे निवृत्त मास्तर. त्यांच्या पिंजऱ्यातल्या पोपटाने आठवडाभर तोंडातून शब्द काढला नव्हता. माझ्या शेजारी आमची ही बसली होती, तोंड भिंतीकडे करून. ती ऐकत होती. ती ऐकत नाही असं दिसतं तेव्हाच जास्त ऐकते.

प्राण्यांचा दवाखाना हा. आतल्या खोलीत टेबलावर आमचा कुत्रा, फौजदार, आडवा पडला होता, पुढच्या पायात सलाईनची सुई लावून. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. काल दोनदा उलटी झाली आणि आज सकाळी शी झाली ती डांबरासारखी काळी. डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं, रक्त काढलं आणि मला एकच प्रश्न विचारला, "मी दिलेल्या गोळीशिवाय याच्या पोटात काय गेलंय? आजोबा, नीट आठवून सांगा. खरं कळलं तर अजून वेळ हातात आहे. काय गेलंय आणि किती दिवस, त्यावर पुढचं औषध ठरेल."

"सांगतो की," मी म्हणालो. पण तेवढ्यात त्या रक्ताची नळी घेऊन आत गेल्या, आणि माझ्यासमोर मास्तर नि बाई. मग काय, सुरुवात तर कुठून तरी करावी लागते.

"कुठली डबी?" मांजरवाल्या बाईंनी विचारलं.

"थांबा, आधी कुत्रा. तरुणपणी हा कुत्रा भुंकला की समोरच्या शिंप्याच्या मशीनचा दोरा तुटायचा. एकदा एका चोराने माझ्या दुकानाच्या कुलपाला हात घातला. फौजदार भुंकला नाही, नुसता बघत राहिला. सकाळी मी आलो तर चोर तसाच उभा, हात कुलपावर. मला म्हणतो, 'काका, आता याला सांगा की मला सोड, घरी आई वाट बघतेय.'"

"काहीतरीच!" बाई हसल्या.

"विचारा हिला."

ही भिंतीला म्हणाली, "मी माहेरी गेले होते."

मास्तरांनी पिंजरा दुसऱ्या गुडघ्यावर घेतला. "मग असला बहाद्दर कुत्रा लंगडा कसा झाला?"

आता इथे मात्र मला काही रचावं लागलं नाही. माझ्या दुकानाला पाच पायऱ्या. गेल्या वर्षापर्यंत फौजदार त्या पाचही एका झेपेत चढायचा. मग दोन झेपा लागायला लागल्या. मग तो तिसऱ्या पायरीवर बसून दम खायला लागला, जसा काही तिथे त्याचा एखादा मित्र राहतो. सकाळी उठताना मागचे पाय लाकडाचे असल्यासारखे, चार पावलं टाकली की जरा मोकळे. एकच गुडघा दिवसभर चाटत बसायचा. आम्ही म्हटलं, म्हातारा झाला, चालायचंच. शेवटी एक दिवस तो पहिल्याच पायरीपाशी बसला आणि वर माझ्याकडे बघायला लागला. ओरडला नाही, कण्हला नाही. नुसता बघत होता. मी हातातली कानस खाली ठेवली आणि त्याला हातगाडीवर घालून इथे घेऊन आलो.

"डॉक्टरबाई मला काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, 'म्हातारपण हा काही आजार नाही आजोबा. हा दुखणं सोसतोय. कुत्री रडून दाखवत नाहीत, हालचाल कमी करतात.' फोटो काढला. कंबरेचा नि गुडघ्यांचा सांधा असा झिजलेला, जशी जुनी बिजागरी. मग रक्त तपासलं, यकृत बघितलं, मूत्रपिंड बघितलं, वजन केलं. एवढं सगळं कशाला, तर एका गोळीसाठी. सूज उतरवणारी गोळी. रोज एक, खाणं झाल्यावर, वजनाप्रमाणे. वर मला दम दिला, की याचं वजन कमी करा, आणि माणसाची गोळी चुकूनही देऊ नका. तुम्हाला जी पचते ती याच्या पोटात भोक पाडेल."

ही भिंतीकडून माझ्याकडे वळली. मी घाईने गोष्ट पुढे नेली.

"आठवड्यात कुत्रा बदलला! बाई, तुम्हाला काय सांगू. नवव्या दिवशी तो असा धावला, की सावली कोपऱ्यावर मागे राहिली. संध्याकाळी आली बिचारी विचारत विचारत. बस सुटली की हा तिच्यामागे लागायचा आणि पुढच्या थांब्यावर आधी जाऊन रांगेत उभा राहायचा. कंडक्टर हात जोडून म्हणाला, 'कुलूपवाले, याला आवरा, लोक मला विचारतात की बसपेक्षा याचंच तिकीट मिळेल का.'"

मास्तर हसले, आणि पोपटाने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतोय. पण नाही.

"पाच पायऱ्या तरी चढला का?" बाईंनी विचारलं.

"चढला." हे मी हळू म्हणालो, कारण हे खरं होतं. एका झेपेत नाही, पण न थांबता. वर येऊन माझ्या स्टुलाखाली बसला आणि मी दिवसभर एक कुलूप उगाचच चार वेळा उघडून बंद केलं.

"आणि डबी?" मास्तर सोडेनात. मुलांना फळ्याकडे वळवायची सवय जात नाही.

"डबी! तर या गोळीला मांसाचा वास. कुत्र्याला ती औषध वाटत नाही, खाऊ वाटतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, कुलपात ठेवा, एकदम सगळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतेल. कुलपात ठेवा असं कोणाला सांगितलं? मला! मी पत्र्याची डबी केली. दोन कप्पे. एकात त्याच्या गोळ्या, एकात माझ्या गुडघ्याच्या. आमच्या दोघांचे गुडघे एकाच हवेत दुखतात. आणि झाकणाला कळ अशी, की एका अंगठ्याने खाली दाबायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगठ्याने बाजूला सरकवायचं. दाबल्याशिवाय सरकत नाही, सरकवल्याशिवाय सुटत नाही. बाजारात दाखवा अशी डबी!"

मी खिशातून डबी काढून मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी दाबली, मग सरकवली, मग दाताने बघावं का असा विचार केला. बाईंनी टोपली खाली ठेवून प्रयत्न केला. चौथ्या खेपेला खट् झालं.

"पण आजोबा," त्या म्हणाल्या, "याला दोन अंगठे लागतात. कुत्र्याला कुठून आले?"

"तेच तर नवल! रोज सकाळी मी डबी उघडायचो आणि हा समोर बसून बघायचा. डोळे माझ्या अंगठ्यांवर. शिकला! परवा मी आंघोळीला गेलो, तर याने डबी पंजाखाली धरली, नाकाने कळ दाबली, आणि पायाच्या वर ते सुटं नख असतं ना, त्याने सरकवली. माझ्या कप्प्यातल्या दोन गोळ्या खाल्ल्या. आणि झाकण परत लावलं."

"परत लावलं?"

"कुलूपवाल्याचा कुत्रा आहे बाई. उघडं टाकून जाईल का?"

मास्तर खो खो हसले. मला बरं वाटलं. माणसं हसत असली की मला समोरचं बंद दार दिसेनासं होतं. पण त्याच वेळी ते दार उघडलं आणि डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात कागद होता, आणि त्या हसत नव्हत्या.

"मी ऐकलं आतून," त्या म्हणाल्या. "म्हणजे माणसाच्या सूज उतरवणाऱ्या दोन गोळ्या. एकदाच? परवा?"

"एकदाच," मी म्हणालो. "परवा."

"आणि माझी गोळीही चालू होती?"

"ती रोज. उकडलेल्या अंड्यातून. दोन दिवस खात नाही म्हणून राहिली."

त्यांनी कागदाकडे बघितलं. "एकदाच्या दोन गोळ्या असतील तर एक हिशेब. पण रक्त तसं म्हणत नाही. बरेच दिवस हळूहळू रक्त जात असल्यासारखं दिसतंय, आणि मूत्रपिंडावरही ताण आलाय. रोज दोन दोन औषधं जात असतील तर मला वेगळी तयारी करावी लागेल. आजोबा, अगदी नक्की एकदाच?"

"या कुत्र्याचा नेम नाही," मी म्हणालो. "कदाचित आधीही उघडली असेल. मी काय पहारा देत बसलो होतो?"

आता खरं सांगायचं तर माझ्या धंद्यात एक सवय लागते. कुलूप कुरकुरलं की तेलाचा एक थेंब. तरी कुरकुरलं की दुसरा. जास्त तेलाने कुलूप बिघडलेलं मी उभ्या आयुष्यात बघितलं नाही. फार तर बोटं चिकट होतात. मध्यंतरी हवा गार झाली आणि फौजदार पुन्हा तिसऱ्या पायरीवर थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीपाशी. आणि पुन्हा तसंच वर बघायला लागला. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं माझ्या लक्षात होतं. अगदी शब्द न् शब्द. पण मला त्या नजरेला काहीतरी द्यायचं होतं.

हे मी दवाखान्यात कोणाला सांगितलं नाही. दवाखान्यात मी म्हणालो, "डॉक्टरबाई, तुम्ही त्याचं नाक बघितलंत का? चावीसारखं टोकदार आहे."

मास्तर आता हसले नाहीत. बाईंनी टोपली उचलून परत मांडीवर घेतली. डॉक्टरबाई तशाच उभ्या होत्या. आतून टेबलाच्या पत्र्यावर नख घासल्याचा आवाज आला, एकदाच.

तेव्हा ही उठली. बाईंच्या हातातून तिने डबी घेतली आणि माझ्यासमोर धरली. दोन्ही हातांत. तिची बोटं तुम्ही बघितली नाहीत. दहा वर्षांपासून सांधे सुजून ती अशी वाकडी झाली आहेत, की लुगड्याची निरी घालायलाही तिला वेळ लागतो. तिने दोन्ही अंगठे कळीवर ठेवले आणि दाबलं. डबी हलली नाही. पुन्हा दाबलं. अंगठ्याची पेरं पांढरी झाली.

"राहू दे गं," मी म्हणालो.

"का राहू दे? बघून येतं म्हणता ना? मीही रोज सकाळी समोर बसून बघते. दोन महिने झाले. माझी गोळी याच डबीत ठेवा म्हटलं तर म्हणालात, तुझ्याने उघडणार नाही, तू मला हाक मार. माझ्याने उघडत नाही अहो, आणि त्याने उघडली? नाकाने?"

"तो कुत्रा जरा..."

"कुत्र्यावर ढकलू नका. तो आत पडलाय, त्याला नाही म्हणता येत नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि तुमचा गुडघा? मागच्या आठवड्यापासून जिन्याचा कठडा धरून चढताय. विचारलं तर म्हणालात, हवा गार आहे. हवा गार आहे म्हणून नाही. तुमची गोळी तुमच्या पोटात पुरती गेलीच नाही म्हणून."

मी मास्तरांकडे बघितलं. ते पोपटाकडे बघत होते.

"चाळीस वर्षं गप्पा ऐकल्या तुमच्या," ही म्हणाली. "चोर खांबासारखा उभा राहिला, ऐकलं. सावली मागे राहिली, तेही ऐकलं. आज नाही. ही थाप आहे. डबी कुत्र्याने उघडली नाही, तुम्ही उघडलीत. किती दिवस ते डॉक्टरांना सांगा."

डबी अजून माझ्यासमोर होती.

"नऊ," मी म्हणालो. "रोज अर्धी. अर्धी मी घ्यायचो."