डाग न पाडणारा धूर

जपानातल्या गिफू शहरात, आमच्या बाजारपेठेच्या सभागृहात त्या रविवारी जी गर्दी लोटली, तेवढी देवळाच्या उत्सवालाही मी पाहिलेली नाही. मंचावर कुरामोची नावाचा एक गोडबोल्या विक्रेता उभा होता. त्याने एका पांढऱ्या कागदावर सिगारेटचा धूर पुन्हा पुन्हा फुंकला आणि पिवळा डाग उमटवला. मग ‘शिराकुमो’ नावाच्या, तंबाखू नुसती तापवणाऱ्या विजेच्या नळीचा एक झुरका घेऊन दुसऱ्या कागदावर फुंकर घातली. कागद जसाच्या तसा पांढरा! टाळ्या थांबेनात.

“राख नाही, वास नाही, शेजाऱ्याला त्रास नाही! पंच्याण्णव टक्के कमी विष! मंडळी, फुप्फुसांना ही पेन्शनच समजा!”

आमच्या लोकांची खोड जुनी आहे. शेजाऱ्याने नाक मुरडले नाही, की गोष्ट निर्दोष ठरली. शिष्टाचार पाळला म्हणजे प्रकृतीही सांभाळली, असा सोयीस्कर समज त्या सभागृहात नांदत होता, आणि हा भामटा नेमका त्याच्यावरच जगत होता.

माझा मुलगा मासाचिका पहिल्या रांगेत होता. वसंतात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली, तेव्हापासून त्याने सिगारेटला हात लावला नव्हता. आता तोच हात मंचावरच्या नळीकडे निघाला होता.

“आई, पाहिलंस? डागसुद्धा नाही.”

“मला डोळे आहेत. तू अक्कल घरी ठेवून आलास का?”

मी मंचाकडे निघाले, तसा कुरामोची लाडात आला. “या आजी, तुम्हीही एक झुरका—”

“आजी तुझ्या घरी. मी हिगाशिदे कागदी छत्र्यांच्या कारखान्याची मालकीण आहे. पहिल्या कागदावर जितक्या वेळा फुंकलंस, तितक्याच वेळा या दुसऱ्यावर फुंक.”

“एकदाच पुरे असतं, बाईसाहेब.”

“कुणाला पुरे? तुला?”

लोक खो-खो हसले. त्याला फुंकणे भाग पडले. अखेरीस तो खोकू लागला, तेव्हा मी कागद हिसकावून खिडकीशी धरला. डाग नव्हता, पण मधोमध एक ओलसर ठिपका होता आणि त्यातून ऊन आरपार येत होते.

“छत्रीच्या कागदाला आम्ही तेल लावतो,” मी म्हणाले. “चांगलं तेल डाग पाडत नाही, उजेड आत घेतं. पांढरा कागद म्हणजे कोरा कागद नव्हे, हे आमच्या घरातल्या सुना लग्नानंतर पहिल्या महिन्यात शिकतात.”

मागून डॉ. सेरिझावाबाई उठल्या. मासाचिकावर उपचार त्यांचेच. “ते ग्लिसरीन, वाफ निघावी म्हणून या तंबाखूत मिसळतात. त्याला रंग नसतो. ताज्या निकोटिनलाही नसतो. डाग पाडतं ते मुख्यतः जळलेल्या तंबाखूचं डांबर.”

“आणि ते पंच्याण्णव टक्के कशाचे रे?” मी विचारले. “रोगाचे?”

“म्हणजे... धुरातल्या काही द्रव्यांचे.”

“आणि हृदयविकार किती टक्के कमी?”

“अभ्यास चालू आहे.”

“अभ्यास चालू, आणि विक्री मात्र पूर्ण!”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “काही विषं सिगारेटपेक्षा कमी आहेत, हे खोटं नाही. ज्याची काही केल्या सुटतच नसेल, त्यानं सिगारेट पूर्ण टाकून हे घेतलं तर अपाय कदाचित कमी होईल. खात्री आज कुणी देऊ शकत नाही. पण मासाचिका, तुम्ही सोडलेली आहे. तुम्हाला याची तुलना सिगारेटशी करायची नाही, स्वच्छ हवेशी करायची आहे. निकोटिन नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. तुमची वाहिनी आधीच अरुंद झाली होती.”

मासाचिकाने हात मागे घेतला. मग त्याने कुरामोचीला शांतपणे विचारले, “स्वच्छ हवेपेक्षा किती टक्के कमी?”

कुरामोची आपली पेटी आवरू लागला.

म्हणून बजावते: कुणी ‘कमी’ म्हणाला, की टाळी वाजवण्याआधी विचारा, कशापेक्षा कमी, काय कमी, आणि कुणासाठी. उत्तर मिळेपर्यंत हात खिशात ठेवावा. श्वास आपला आहे, तो विक्रेत्याच्या शब्दावर गहाण टाकण्याइतका स्वस्त नाही.