बानाबाईची वस्ती

“ताई, नकाशात दाखवलंय तिथंच उभा हाय मी. इथं वस्तीच नाय.”

दुसऱ्या कानाने ऐकलं तर वस्ती सापडेल, अशा थाटात सुकेशनीने फोन त्या कानाला लावला. शहरात, क्रांती चौकातल्या ऑफिसात तिच्याभोवती जेवणाचे डबे उघडत होते. तिकडे पाचोडजवळच्या रानातून रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर अप्पाराव बोलत होता.

“तीन दगडांची चूल हाय, राख हाय. माणूस नाय.”

मघाशी बापाचा, सोनाजीचा फोन आला होता. “तुझ्या मायला पान लागलं. नाग व्हता. गाडीवाल्यांला वस्तीचं नाव सांगितलंय, नकाशात घावली म्हणाले. तुझा नंबर दिलाय.” एवढं बोलून फोन तुटला तो तुटलाच.

वस्ती नकाशात तिनेच घातली होती. कुणीही भर घालावी, असा तो नकाशा. दिवाळीला ती बिऱ्हाडावर गेली, मेंढरांच्या कळपात उभी राहिली आणि मायच्याच नावाने ठिपका देऊन मोकळी झाली. पत्ता विचारला की जन्मभर गप्प बसणारी बानाबाई त्या आठवड्यात अख्ख्या बाजाराला सांगत सुटली, की आपलंबी गाव हाय, नकाशात हाय. पुढे नकाशा तपासणाऱ्या कुणीतरी विचारलं, ‘उपग्रहाच्या चित्रात घरं दिसत नाहीत. ही वस्ती खरंच आहे का?’ सुकेशनीने ठसक्यात उत्तर लिहिलं, ‘माझा जन्म तिथला.’ मेंढपाळाचं बिऱ्हाड एका जागी टिकत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! पण मायचं नाव पुसायला हात धजावला नाही.

“दादा, आसपासच्या शेतकऱ्याला विचारा,” ती ओरडलीच. “खतासाठी मेंढरं आता कुणाच्या रानात बसवलीत, ते त्यांना माहीत असतं.”

फोन चालूच होता. बऱ्याच वेळाने एका बाईचा आवाज आला.

“आमच्या रानातून कवाच उठले की ते. आता साहेबरावाच्या मळ्यात बघा, कॅनॉलच्या पल्याड. पण गाडीला लई वळसा पडंल.”

गाडी निघाली. सुकेशनी बापाला फोन लावत राहिली आणि तो लागत नव्हता. तिने नकाशा उघडला. दुसरी कुठली गाडी तरी तिथे जायला नको, म्हणून तिने ठिपका काढून टाकला. कारण विचारलं गेलं. तिने लिहिलं, ‘अशी वस्ती नाही.’ मग तिला रडू आवरेना.

बानाबाईला शहरातल्या दवाखान्यात आणलं तेव्हा तिच्या पापण्या उघडत नव्हत्या.

“उशीर झालाय. औषध चालू केलंय, बघू,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सोनाजी पायाशी उभा होता. सुकेशनीने मायचा सुजलेला हात सोडून दुसरा हातात घेतला. बानाबाईची जीभ जड झाली होती.

“घावली ना गं त्यांला... आपली वस्ती?”

सोनाजीने खाली पाहिलं.

सुकेशनी मायच्या कानाशी वाकली. “व्हय माय. नाव टाकलं अन् लगेच घावली.”

“अजून हाय ना... नकाशात?”

“हाय,” सुकेशनी म्हणाली.