सुकडीच्या खोलीचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. माझा कोणावरही विश्वास नाही; ह्याच गुणासाठी लोक मला विकत घेतात. संगमनेरच्या बाजारातून मी पठारावरच्या एका गावात आलो. तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ पडला. तलावाच्या कामावरच्या मजुरांना खायला वाटायची सुकडी, म्हणजे भाजलेले पौष्टिक पीठ, चावडीशेजारच्या खोलीत ठेवली गेली. गावात पार्ट्या दोन, म्हणून दाराला कुलपेही दोन लागली. माझी किल्ली रंगनाथकडे, शेजारच्या कुलपाची कानिफनाथकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही.

रंगनाथ सरळ माणूस. पण सुकडी कुठे मुरते, असे गाव विचारू लागले. त्याच्या पोरांचे गाल वर आलेत का, हे लोक निरखू लागले. मग तोही सगळ्यांना तसाच निरखू लागला. जाताना मला ओढून बघे, अर्ध्या वाटेवरून परत येऊन पुन्हा ओढे. मला अभिमान वाटे. असा मालक कोणत्या कुलपाला मिळतो?

त्याची झोप उडाली, जेवण सुटले. छातीत कळ आली की तो ओवा चघळे आणि गॅस म्हणे.

"अवो, द्या ती किल्ली दुसऱ्या कुनाला," बायको मनकर्णा म्हणे.

त्याला तिचाही संशय येई. तिचे माहेर कानिफनाथच्या आत्याच्या गावचे होते.

एके सकाळी तपासणीचे साहेब आले. मजूर रांगेत उभे. मला उघडता उघडता रंगनाथ दारातच खाली बसला. दरदरून घाम सुटलेला.

"साहेब आले की बरं दुखतं तुमच्या छातीत!" कानिफनाथ म्हणाला. रांग हसली.

रंगनाथ आडवा झाला, तेव्हा हसू थांबले. मुठीतली किल्ली काही सुटेना. साहेबांच्याच जीपमधून त्याला मुठीसकट संगमनेरच्या दवाखान्यात नेले.

तो वाचला. दुसऱ्या दिवशी मनकर्णा किल्ली घेऊन आली.

"डाक्टर म्हनले, गॅस न्हाई, काळजाला धक्का बसलाय. मन लई दमलं की काळीजबी दमतं. ही किल्ली आता आमच्या घरी नको."

कानिफनाथने तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिले. "आत काही कमी तर न्हाई ना, वहिनी?"

"हाय की. वर्साची झोप कमी हाय. भरून देता?"

तिने किल्ली पुढे केली. कानिफनाथचा हात निम्म्यावर येऊन थांबला, आणि हळूच त्याच्याच छातीवर गेला.

मित्रांनो, आम्हा कुलपांना वरचेवर तेल घालत जा. आणि संशय दारावर आमच्यापाशीच ठेवून घरी जा. आम्ही धातूचे आहोत, आम्हाला तो झेपतो.