जमीन हालली नव्हती

मी एक जुना, पोचा पडलेला तांब्या आहे. लातुरातल्या एका घरात मला उपड्या ग्लासावर उभं केलेलं आहे. माझ्यात कुणी पाणी ठेवत नाही. मित्रांनो, माझं काम पडणं हे आहे.

रेणापूरच्या बाजूला एका तांबटानं मला घडवलं. शिवम्माच्या लग्नात मी तिच्या रुखवतातून आलो; पोटावर तिचं नाव ठोकलेलं आहे. तिचा नवरा नागप्पा शेतातून आला की आधी मला उचलून घटाघटा पाणी पिई. मग त्र्याण्णवचा भूकंप झाला आणि आम्ही दोघंही दगडमातीच्या भिंतीखाली गाडले गेलो. मी निघालो. नागप्पाला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. त्या ढिगाऱ्यात मी जे ऐकलं, ते तुम्हाला सांगणार नाही.

त्यानंतर आमच्या गावाकडे घरोघर एक रीत पडली. जमिनीवर ताट, ताटात उपडा ग्लास, त्यावर भांडं. जमीन जरा हलली की भांडं आदळतं आणि माणसं बाहेर पळतात. शिवम्मा लातूरला येऊन शिकवणीच्या मुलांची खाणावळ चालवू लागली, तेव्हा तिनं मला तसंच उभं केलं. लहान धक्के येत, मी आदळे, घर रिकामं होई. "मालकानंच हाक मारली," म्हणून ती मला विभूती लावायची. पुढे धक्के थांबले आणि माझ्यावर धूळ साचली.

मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, शिवम्मा भाकरी थापता थापता उठली आणि भिंत धरून म्हणाली, "आली बगा. भाइर निघा." मुलं भरली ताटं सोडून पळाली. मी मात्र जागचा हललो नव्हतो. म्हातारीला भास झाला असेल, असं मी मनाला समजावलं. पण असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं, आणि तिचं बघून मुलंही म्हणू लागली, "व्हय, खाली हाललं." सगळ्या घराला भूकंप जाणवत होता आणि फक्त मला जाणवत नव्हता. खरं सांगतो, मला स्वतःचीच भीती वाटू लागली. इतकी वर्षं उभा राहून मी बधिर तर झालो नाही ना? मी जिवाचा कान करून ऐकायचो. जमीन गप्प होती.

"मालक बलवायलेत," माझ्याकडे टक लावून शिवम्मा एकदा पुटपुटली.

एका दुपारी ती खाटेवरून उठली, "आली" म्हणाली आणि उंबऱ्यावर कोसळली. डोक्याला खोक पडली. तिची सून रुद्राणी धावत आली. सासूला सावरताना तिची नजर माझ्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"तांब्या पडला न्हाई," ती हळूच म्हणाली. "आत्या, जमीन हालली न्हाई. तुम्ही हाललात."

रिक्षातून तिनं सासूला आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची सगळी पिशवी डॉक्टरांकडे नेली. त्या परत आल्यावर त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. झोपवून आणि मग उभं करून मोजला, तर उभं राहताच शिवम्माचा रक्तदाब झरकन खाली येत होता. पिशवीत दोन पाकिटं निघाली. एक या डॉक्टरांचं, दुसरं फुकट तपासणीच्या शिबिरातलं. नावं वेगळी, आतलं औषध एकच. दुप्पट औषध पोटात जात होतं.

"दोन्ही कशाला घेतल्या, आत्या?"

"दोघं बी देवमाणसं. एकाची घेऊन दुसऱ्याची टाकली तर अपमान न्हाई का?"

"मग चक्कर तरी सांगायची."

"जमीन हालती ते डॉक्टरला काय सांगायचं?" शिवम्मा चिडली. "ऱ्हाऊ दे. समद्याच टाकते."

"तसं बी न्हाई करायचं. ही एक रोज घ्यायची म्हणलेत. मनानं बंद केली तर बीपी लई चढंल. आन उठताना आधी बसायचं, मग उभं ऱ्हायचं."

शिवम्मा रडली. मालक बोलावत नव्हते, याचं तिला वाईट वाटलं असावं. मला तरी वाईट वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अशा गोळ्या घेत असेल, तर सगळी पाकिटं डॉक्टरांना दाखवा आणि उठताना कसं वाटतं ते गोळ्या घेणाऱ्याला विचारून तेही डॉक्टरांना सांगा. जमीन हलली तर मी आदळून तुम्हाला सावध करीन. पण माणूस आतून हलला, तर मी नुसता बघत उभा असतो.