बारा नंबरचा बायकी बूट

मी एक जुना बूटजोड आहे. काळ्या चामड्याचा, उंच टाचांचा, बायकी. माप मात्र पुरुषी बारा नंबरचे. हसलात ना, मित्रांनो? हसा. लॉस एंजेलिसमध्ये मला पाहून न हसलेला एकच माणूस होता, आणि त्यानेच मला घडवले होते.

त्याचे नाव वर्तान बोयाजियान. एके सकाळी त्याच्या दुकानात ऑर्व्हिल टॅम्बलिन नावाचा धिप्पाड गृहस्थ शिरला आणि उंच टाचांचे बूट हवेत म्हणाला. वर्तानने विचारले, "बायको उंच आहे का तुमची?"

"बायको माझ्या कोपरापर्यंत येते. बूट माझ्यासाठी हवेत."

वर्तानने हातातली पट्टी खाली ठेवली, गिऱ्हाइकाकडे एकदा नीट पाहिले आणि म्हणाला, "मग टाच रुंद करतो. तुम्ही पडलात तर नाव माझं जाईल."

ऑर्व्हिल एका स्टुडिओत पावले वाजवण्याच्या नोकरीत होता. चित्रीकरणाच्या वेळी नटनट्यांचे बोलणे तेवढे टिपले जाई. चालण्याचा आवाज कुठच्या कुठे हरवे. मग ऑर्व्हिल मला पायांत घालून पडद्यासमोर उभा राही. पडद्यावर नायिका जिन्यावरून उतरली की तोही जागच्या जागी उतरे. जमिनीवर फरशी, लाकूड, रेती असे चौकोन होते. हाड मोडल्याचा आवाज हवा असेल तर तो सेलरी या भाजीच्या कडक देठांची जुडी पिरगाळी आणि उरलेली घरी नेई. त्याची बायको बर्था तिचे सूप करी. "आज कोणाचा हात मोडला?" असे विचारूनच ती पातेले चुलीवर ठेवी.

मी अनेक नायिकांसाठी चाललो, पण माझे खरे नाव झाले ते लॉरेन व्हिटकोममुळे. खरे म्हणजे तिचे नाव झाले, माझ्यामुळे. एका वर्तमानपत्राने लिहिले की लॉरेनच्या नुसत्या पावलांतून तिचा स्वाभिमान ऐकू येतो. त्या दिवशी ऑर्व्हिल मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसला होता. बर्थाने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि त्याच्या सुजलेल्या स्वाभिमानाकडे बघून टॉवेल आणायला गेली.

लॉरेनचा बारावा चित्रपट आला तेव्हा माझ्यावर संकट कोसळले. शेवटच्या प्रसंगात ती नवऱ्याचे घर सोडते, दगडी पायऱ्या उतरते आणि बर्फातून चालत जाते. दीड मिनिट शब्द नाही, फक्त पावले. आता लॉस एंजेलिसमध्ये बर्फ कुठून आणणार? फार पूर्वी पांढरा रंग दिलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून पसरत, आणि गोदामात त्यांची जुनी पोती उरली होती. काटकसरी निर्मात्याने तीच पसरली. लॉरेन चालू लागली तर शंभर माणसे एकदम पापड खात आहेत असा आवाज झाला. तो सगळा टाकून द्यावा लागला. आता भिस्त होती ऑर्व्हिलवर, माझ्यावर आणि मक्याच्या पिठाच्या पिशवीवर, कारण ते पीठ दाबले की अगदी ताज्या बर्फासारखे कुरकुरते.

पण त्याच सुमारास कुणीतरी एका मेजवानीत लॉरेनला सांगितले की तुझी नाजूक पावले एका ढेरपोट्या माणसाची आहेत. ती दुसऱ्याच दिवशी तरातरा आमच्या खोलीत आली. यापुढे माझी पावले मीच वाजवणार, म्हणाली. ध्वनिविभागाचे प्रमुख हॅस्कल यांना ते पटकन पटले. मॅडमना जमले तर पावलांसाठी वेगळा माणूस पोसायची गरजच काय, असे ते ऑर्व्हिलच्या देखत बोलले. चित्रपट शुक्रवारी बाहेर जायचा होता आणि उजाडला होता बुधवार. ऑर्व्हिल मला पायांत घालून भिंतीशी उभा राहिला. त्याच्या पायांना घाम सुटल्याचे मला आतून कळत होते.

मित्रांनो, लॉरेनला स्वतःची चाल जमेना. पडद्याकडे पाहिले की पाय चुके, पायाकडे पाहिले की पडदा पुढे जाई. पडद्यावरची लॉरेन फाटकाबाहेर पडली तरी खोलीतली अजून पायरीवरच. सातव्या खेपेला पिठाची पिशवी फुटली आणि ती शिंकत खाली बसली. हॅस्कल पाणी आणायला गेले.

ऑर्व्हिलने गप्प राहायचे ठरवले असते तर पुढचे काय झाले असते कोण जाणे. पण तो तिच्यापाशी गेला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, पायाकडे नका बघू, खांद्याकडे बघा. डावं पाऊल टाकताना तुमचा खांदा खाली येतो. ते पाऊल जरा उशिरा पडतं, आणि जड."

लॉरेनचा चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला. लहानपणीच्या आजारात तिचा डावा पाय किंचित आखूड राहिला होता. लांब झगे आणि कमरेच्या वरच रोखलेला कॅमेरा यांच्या आड तिने ते झाकले होते. स्टुडिओला कळते तर नायिकेची कामे गेलीच असती.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या चित्रपटापासून. मी ते सावरून घेतो."

"कोणाला बोललात?"

"बर्थालाही नाही."

तिने नाकावरचे पीठ पुसले. मग म्हणाली, "मिस्टर टॅम्बलिन, या वेळी नका सावरू. ही बाई घर सोडून चालली आहे. लंगडली तर लंगडू दे. हॅस्कलना मी सांगते, मीच तसं ठरवलंय म्हणून."

ऑर्व्हिलने सहा वेळा लंगडून पाहिले. सहाही वेळा ते सोंग वाटले. मग त्याने करवत आणली. मित्रांनो, त्याने माझी डावी टाच बोटभर कापली. मला दुखले, हे लपवत नाही. पण सातव्या वेळी मी बर्फातून चाललो तेव्हा लॉरेनने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "हीच मी."

समीक्षकांनी लिहिले की शेवटी लंगडण्याची कल्पना म्हणजे अभिनयाची कमाल. लॉरेनला बक्षीस मिळाले, ऑर्व्हिलची नोकरी टिकली. त्याचे नाव मात्र पडद्यावर कधीच आले नाही. तो निवृत्त झाल्यावर मी गोदामात पडलो. कुणी मला दाराला अडकण म्हणून लावले, कुणी माझ्यात खिळे ठेवले. पुढे एका संग्रहालयाने मला काचेच्या पेटीत मांडले आणि खाली पाटी लावली: 'लॉरेन व्हिटकोम यांचे बूट'. लोक येत, पाटी वाचत, मला बघत आणि कुजबुजत, "बिचारी! केवढे हे पाय!"

एका दुपारी काठी टेकत एक म्हातारी आली. तिने पाटी वाचली आणि इतकी हसली की रखवालदार धावत आला. मग तिने थेट व्यवस्थापकाला बोलावून घेतले आणि सगळे सांगून टाकले, स्वतःच्या पायासकट. आपण कोण हे पटवायला तिला चार पावले चालून दाखवावी लागली. आठवड्याने पाटी बदलली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, चित्रपट संपून नावे सरकू लागली की लगेच उठू नका. जुन्या चामड्याला अधूनमधून तेलाचा हात लावा. आणि कधी इकडे आलात तर माझ्यापुढे क्षणभर थांबा. नवी पाटी अशी आहे: 'पावले लॉरेन व्हिटकोम यांची. पाय ऑर्व्हिल टॅम्बलिन यांचे.'