तांब्याचा डोळा, हिरवा डोळा

त्या सकाळी अहुदियाने डाव्या पापणीवर तांब्याचा रंग चढवला, उजव्या पापणीवर गर्द हिरवा, दोन्ही डोळ्यांना काळ्या लायनरची रेघ ओढली, तुळतुळीत डोक्याला काळं फडकं गुंडाळलं आणि ती बाजाराला निघाली. अंगात काळा झगा होता. नवऱ्याला पुरून फार दिवस झाले नव्हते. केके म्हणजे तीनचाकी रिक्षा, तिच्या चालकाने आरशातून आधी तिच्या फडक्याकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, आणि रिक्षा सरळ खड्ड्यात घातली.

"समोर बघ रे बाबा," अहुदिया म्हणाली. "रस्ता माझ्या डोळ्यांत नाहीये."

अबा शहराच्या बाजारात डोळ्यांचं सामान विकणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या. पण त्यांच्या दुकानात रंगांची कार्डं टांगलेली असत आणि अहुदियाच्या दुकानात अहुदिया बसलेली असे. "कार्डावरचा रंग कार्डालाच शोभतो," असं ती म्हणायची. रोज सकाळी दोन डोळ्यांवर दोन रंग. गिऱ्हाईक आलं की ती एक डोळा मिटायची, मग दुसरा. बाईने बोट दाखवायचं, की झाला सौदा. दूरदेशाहून येणाऱ्या रंगाच्या डब्या बनवणाऱ्यांनी आपल्यासारखी काळी पापणी जन्मात पाहिलेली नसते. त्यातला आकाशी रंग नुसता लावला तर चुलीतली राख फासल्यासारखा दिसतो. आधी खाली तपकिरी पेन्सिल घासायची, बोटाने पसरायची, मग वर रंग. हे तिने स्वतःच्या पापण्यांवर शिकून घेतलं होतं आणि येईल तिला फुकट सांगत होती.

तिचा नवरा उझोमा बूट शिवायचा. सकाळी चहा पिता पिता तो बायकोच्या दोन्ही डोळ्यांकडे न्यायाधीशासारखा बघायचा आणि निकाल द्यायचा, "आज डावा जास्त खपणार." बहुतेक वेळा उजवा खपायचा. संध्याकाळी हे कळलं की तो अबातल्या बायकांच्या अकलेवर तोंडसुख घ्यायचा. असा माणूस एके दुपारी हातात अर्धा शिवलेला बूट घेऊन बाकावरून कलंडला आणि उठलाच नाही. अहुदियाला त्या दिवसापासून घरात चहाचा वास सहन होईना.

त्याला गावी, घरासमोरच्या अंगणात पुरलं. मयताला कुळाच्या लेकी जमल्या. या लेकी लग्न होऊन कुठेही गेलेल्या असोत, माहेरच्या मयताला हुकूम त्यांचाच चालतो आणि भलेभले पुरुष त्यांच्यापुढे माना खाली घालतात. त्यांची म्होरकी उझोमाची थोरली बहीण न्वाउगो. सगळं गाव तिला 'डा' म्हणे, म्हणजे मोठी ताई. उंच, ताठ बाई. तिने अहुदियाचं डोकं स्वतःच्या हाताने भादरलं, आणि अहुदियाने ते मुकाट्याने पुढे केलं. काळे कपडे घालायला सांगितले, तेही घातले. वर्ष संपलं की याच लेकी येऊन ते कपडे उतरवणार, जाळणार, आणि मगच विधवेला त्या अंगणात पाऊल टाकता येणार. त्यांनी कपडे उतरवले नाहीत तर अंगण कायमचं बंद. उझोमा त्याच अंगणात होता, आणि अहुदियाला शेवटी त्याच्याच शेजारी जायचं होतं.

"आणि डोळ्यांना काही लावायचं नाही," डा न्वाउगोने बजावलं होतं. "रडलेले डोळे लोकांना दिसले पाहिजेत."

लोकांचं एक बरं असतं, दुसऱ्याने किती दुःख करावं याचं माप त्यांच्याकडे तयार असतं. अहुदियाने तेही करून पाहिलं. कोऱ्या डोळ्यांनी ती दुकानात बसली आणि दिवस दिवस रडली. कोणी पेन्सिल मागितली की रडायची, कोणी काही मागितलं नाही की जास्तच रडायची. रडक्या बाईकडून काजळ कोण घेणार? गिऱ्हाइकं दारापर्यंत येत, "च्‌ च्‌" करत आणि पलीकडच्या दुकानात जात. दुकान डोळ्यांदेखत बुडत होतं. मग एका सकाळी सवयीने हात लायनरकडे गेला. रेघ ओढून झाली, हुंदका आला आणि तिने तो गिळला, कारण रेघ ओघळली असती. दुपारपर्यंत काही तिला तो हुंदका पुन्हा आला नाही. तेव्हा तिला आपलं औषध सापडलं. घरी जाऊन रंग धुवायचा आणि मग पोटभर रडायचं. बाजारात मात्र नाही.

पण त्या दिवशी फक्त रेघ होती. आज दोन्ही डोळे होते, पूर्ण रंगवलेले.

शेजारी केसांचे टोप विकणाऱ्या उरेच्या आईच्या हातातलं भाजलेलं कणीस तसंच राहिलं. "अगं बाई! अहुदिया! वेडबीड लागलं का तुला?"

"कसा दिसतोय हिरवा?"

"हिरवा गेला खड्ड्यात! तुझ्या नणंदेला कळलं तर?"

"कळेल की. तू आहेस ना इथे."

उरेच्या आईने तोंड फुगवलं, पण थोड्या वेळाने तिनेच हळूच सांगितलं की हिरवा बरा दिसतोय.

दुपारपर्यंत बाजारभर झालं. बायका मुद्दाम वाकडी वाट करून बघून जात होत्या. एक म्हणाली, नवऱ्याची माती ओली आहे तोवर दुसरा शोधायला निघाली. दुसरी म्हणाली, आधीपासूनच शोधलेला असणार. अहुदियाने दोघींना हाक मारून विचारलं, "तुमच्यासाठी पण शोधू का एखादा?" त्या पळाल्या. कोणी घेत मात्र काही नव्हतं.

मग ओलाएडो नावाची एक पोरगी आली. औषधांच्या दुकानात काउंटरवर नवी नोकरी लागली होती, उद्यापासून जायचं होतं. तिने काळ्या कपड्यांकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं आणि सरळ स्टुलावर बसली. "आंटी, मला चंदेरी पाहिजे. चकाकणारा."

"चंदेरी लावून औषध दिलंस तर आजारी माणसाला वाटेल आपण वर पोचलो. रोजचं पाहिजे की लग्नातलं?"

"रोजचं."

"मग ऐक. रोजच्या डोळ्याने आधी तू दिसली पाहिजेस, मागून रंग." तिने तपकिरी पेन्सिल घासली, करंगळीने पसरली, वर मधाच्या रंगाचा हात फिरवला. पापणीच्या खोबणीत थोडा जांभळट, वांग्याच्या सालीसारखा. रेघ बारीक, शेवटाला किंचित वर. "शेपटी काढायची नाही, मांजर व्हायचं नाहीये आपल्याला. खालच्या पापणीला लायनर नको, नाहीतर संध्याकाळी मार खाल्ल्यासारखी दिसशील." एक डोळा झाला. पोरगी आरशात बघून गालातल्या गालात हसली. अहुदिया दुसऱ्या डोळ्याला हात घालणार, तोच गल्लीतली कुजबुज एकदम थांबली.

डा न्वाउगो येत होती. मागे तिच्या दोन धाकट्या बहिणी, एकीच्या हातात पाण्याची बाटली, दुसरीच्या हातात पांढरं फडकं.

"ऊठ," ती दुकानाच्या दारात उभी राहून म्हणाली.

"या डा. बसा. एक डोळा राहिलाय पोरीचा."

"तुझे दोन राहिलेत. माझा भाऊ जमिनीखाली आणि तू इथे जत्रा भरवलीस? लाज कुठे गहाण टाकलीस?"

"घरी जाऊन रडते मी, डा. रोज रडते. इथे विकते."

"ते मला नको सांगूस." न्वाउगोने बहिणीकडचं फडकं बाटलीतल्या पाण्याने भिजवून पुढे केलं. "पूस. नाहीतर ऐक, या सगळ्यांसमोर सांगते. वर्ष संपलं तरी आम्ही येणार नाही. त्या काळ्या कपड्यांतच मर. त्या अंगणात ना पाय पडेल तुझा, ना मढं."

गर्दीतून कोणीतरी "आई गं" म्हणालं.  दुसरं काहीही सांगितलं असतं तर अहुदिया हसली असती, पण हा घाव बरोबर जागी बसला होता. आणि वर्मी घाव बसला की माणूस हाताला लागेल ते उचलतो. तिच्या हाताला लागलं ते फार वाईट होतं. न्वाउगोला भुवया नव्हत्या. रोज पहाटे ती त्या पेन्सिलीने काढायची, इतक्या सफाईने की सख्ख्या बहिणींनाही कधी कळलं नव्हतं. कळलं होतं ते एकट्या अहुदियाला, कारण पेन्सिल तिच्याच दुकानातून जायची, वर्तमानपत्रात गुंडाळून, कोणाला कळू न देता.

अहुदिया जवळ गेली आणि फक्त न्वाउगोलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "पुसते. पण आधी तुम्ही तुमच्या भुवया पुसा."

तिला वाटलं होतं, बाई मागे सरेल. चार शिव्या देईल, मानाने परत जाईल, प्रकरण मिटेल. न्वाउगो तिच्याकडे बघत राहिली. मग तिने ते फडकं उचललं आणि सगळ्या बाजारासमोर स्वतःच्या कपाळावरून फिरवलं. एकदा. दोनदा. काळे ओघळ गालांवर आले. खाली कातडी गुळगुळीत, फिकट व्रणांची. धाकट्या बहिणीच्या हातातली बाटली खाली पडली.

"बघा!" न्वाउगो कडाडली. "सगळ्यांनी बघा! माझा नवरा गेला तेव्हा मी या स्टुलावरच्या पोरीएवढी होते. सासरच्या बायकांनी फुटक्या बाटलीच्या काचेने डोकं भादरलं, भुवयाही खरवडल्या. पू झाला. भुवया परत उगवल्याच नाहीत. मी सोसलं. मेले नाही. तूही मरणार नाहीस."

अहुदियाला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षाही मोठा राग आला. न्वाउगोचा नाही. त्या काचेचा.

"मरणार नाही हो, डा," ती म्हणाली, आता सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पण नुसतं न मरता बसायला मला जमायचं नाही. तुमच्या भुवया गेल्या तेव्हा कोणी 'पुरे' म्हणायला हवं होतं. कोणी म्हटलं नाही. म्हणून आज मी म्हणते. डोकं दिलं, कपडे घातले. डोळे देणार नाही."

"शब्द दिलाहेस तू! पूस!"

"दिलाय. पुसते."

तिने फडकं घेतलं, त्याच्यावर नणंदेच्या भुवयांचा डाग होता. तिने डावा डोळा पुसला. उजवा पुसला. तांबं गेलं, हिरवा गेला, रेघ गेली, आणि जे खाली होतं ते वर आलं. सुजलेल्या पापण्या. लाल कडा. डोळ्यांखाली खोल गेलेली काळी अर्धवर्तुळं.  सकाळी नवरा शोधण्याच्या गोष्टी करणारी बाई खाली बघू लागली. उरेच्या आईने तोंडावर पदरासारखं आपलं फडकं धरलं आणि ती रडू लागली.

"झालं समाधान?" अहुदियाने विचारलं. "दिसलं सगळ्यांना? मग आता पुरे."

आणि तिने काळं लायनर उघडलं. आरसा घेतला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? डाव्या डोळ्यावर एक रेघ, उजव्यावर एक रेघ. मग तपकिरी पेन्सिल, मग तांबं.

"डा, ही फसवतेय!" धाकटी ओरडली. "शब्द मोडला हिने!"

"पुसते म्हणाले होते, पुसलं," अहुदिया हिरवी डबी उघडत म्हणाली. "परत घालणार नाही असं कोण म्हणालं?"

ओलाएडो, एक डोळा रंगवलेली, एक कोरा, फस्सकन हसली आणि मग घाबरून गप्प झाली. पण हसू फुटलं ते फुटलंच. मागे कोणीतरी हसलं, मग आणखी कोणी. न्वाउगो हसली नाही. ती तिथेच उभी होती, गालांवर काळे ओघळ घेऊन, भुवयांवाचून, आणि बाहेर सगळा बाजार, बसथांबा, पुढे गाव. ताठ बाई, पण पाऊल उचलत नव्हतं.

अहुदियाने ओलाएडोच्या खांद्यावर हात ठेवला. "जरा ऊठ गं. तुझा डोळा थांबेल." मग तिने स्टूल झटकलं आणि नणंदेकडे सरकवलं. 

न्वाउगोने त्या स्टुलाकडे पाहिलं. मग न्वाउगो बहिणींकडे न बघता म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. बस धरा." आणि ती बसली.

अहुदियाने स्वच्छ कापडाने तिचे गाल पुसले. पेन्सिलीला टोक काढलं. न्वाउगोने डोळे घट्ट मिटून घेतले, आणि तेवढ्यातही तिची हनुवटी वरच होती.

"मी तुझ्या बाजूची नाहीये," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली.

"नका असू. हलू नका."

"वर्षाअखेरीला कपडे उतरवायला मी येईन. माझ्या भावासाठी येईन. तुझ्या तोंडाकडे बघणार नाही."

"चालेल, डा." अहुदिया पेन्सिल फिरवत राहिली. "पण त्या दिवशी मी डोळे रंगवूनच उभी राहणार, हे आत्ताच सांगून ठेवते."

 पहिली भुवई पूर्ण झाली तेव्हा न्वाउगोच्या मिटल्या पापणीखालून पाण्याचा एक थेंब निघाला, आणि अहुदियाने तो ओघळायच्या आत करंगळीने टिपला.