स्वतःची वेणी

रितेशने टेबलावरची घंटी पुन्हा वाजवली, तेव्हा त्रिवेणीने त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर दाबून धरला. डॉक्टरबाई हसल्या. त्रिवेणीला काही हसू येईना. परवा पोरगा शाळेतल्या मुलाला चावला होता, रक्त निघेपर्यंत. 'मुलांच्या मनाच्या डॉक्टरला दाखवा, मगच वर्गात बसवू,' असं हेडबाईंनी सुनावलं होतं. शाळेने काढून टाकलं तर वर्षाच्या मधोमध याला कोण घेणार, या चिंतेने तिचा जीव टांगणीला लागला होता.

"घर में भी काटता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काटता नहीं. मगर एक जगह बैठताच नहीं," ती म्हणाली आणि तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून घेतलं.

नवऱ्याने, मिलिंदने, कारखान्याची नोकरी सोडून काचीगुडा स्टेशनासमोर एसटीडी बूथ टाकला, तेव्हापासून घरात कुणाचा पाय ठरत नव्हता. पहाटे फोनचे दर कमी, गिऱ्हाईक तेव्हाच जास्त; म्हणून ती अंधारातच बूथ उघडायला निघे. मिलिंद रात्री तो बंद करून येई. मधे दोघं समोरासमोर आली की भांडण ठरलेलं. हे तिने डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं ते मोठ्या मुलीचं.

"ये इसकी अक्का, अश्विनी. इसका कुछ ताप नहीं, डॉक्टरसाब. डब्बा भरती, भाई को स्कूल ले जाती, अपनी चोटी आपीच डालती."

हे सांगताना तिला नेहमीसारखाच अभिमान वाटला. अश्विनी खुर्चीच्या कडेवर टेकली होती. दोन वेण्या रिबिनी बांधून कानांवर दुमडलेल्या, कपडे चापूनचोपून नीट. मघाशी पाणी प्यायलाही तिने आधी परवानगी विचारली होती.

डॉक्टरबाईंनी कौतुकाने तिच्या डोक्याकडे हात नेला. अश्विनी झटकन मागे सरली, आणि रितेश आईच्या हातातून निसटून दोघींच्या मधे येऊन उभा राहिला.

"अक्काच्या केसांना हात नक्को!"

"रितेश!" त्रिवेणी ओरडली.

"शाळेतल्या त्या पोट्ट्याने पण अक्काची रिबीन ओढली," तो रडवेला झाला. "सगळ्यांना दिसलं असतं."

"काय दिसलं असतं रे?"

रितेशने अक्काकडे पाहिलं. अश्विनीचे दोन्ही हात वेण्यांवर गेले होते.

डॉक्टरबाईंनी आपली खुर्ची हळूच तिच्याकडे वळवली. "बेटा, अम्मी को दिखाती?"

अश्विनीने स्वतःच रिबीन सोडली. कानामागे रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली होती, आणि कडेला उपटलेल्या केसांचे बारीक खुंट होते. या केसांना आपण शेवटचं तेल कधी लावलं, त्रिवेणीला आठवेना.

"कोणी केलं गं हे?"

"मीच," अश्विनी म्हणाली. "तू बूथवर जातेस ना, मग मला झोप येत नाही."

त्रिवेणीने पर्समधून फणी काढली. मुलीच्या मागे गुडघ्यांवर बसून ती केसांचे पेड करू लागली. पेड निसटत होते.

अश्विनीने मागे वळून घड्याळाकडे पाहिलं.

"दे, मी घालते आई," ती म्हणाली. "तुला बूथवर जायला उशीर होईल."